पाठीवरची पाटी

पाण्याखाली माणसाला आडवं राहता आलं पाहिजे, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. तोवर माझा समज असा, की आडवं राहणं मला उपजतच येतं. कुणाला शंका असेल त्याने सुट्टीच्या दिवशी दुपारी आमच्याकडे येऊन खात्री करून घ्यावी. पण पलंगावरचं आडवं वेगळं आणि समुद्रातलं वेगळं. समुद्रात मी उभा राहायचो. पाय खाली, डोकं वर, एक हात पुढे. एखाद्या बसला हात दाखवतोय आणि ती काही थांबत नाहीये, असा माझा अवतार असायचा. सगळे मासे बघायला पुढे निघून जायचे आणि मी पायांनी तळाची वाळू उडवत तिथल्या तिथेच.

आम्ही दोघं, म्हणजे मी आणि माझी बायको, पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरतो. या वयात हे कुठून सुचलं, असं नातेवाईक विचारतात. मी उत्तर देत नाही, कारण मलाही ते ठाऊक नाही. माझी सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेली. कुठली पाइपलाइन कुठे गळतेय, हे मी खुर्चीतून न उठता सांगतो. पण प्रत्यक्ष पाण्याने मला कधी साहेब म्हणून मानलं नाही.

आता जाकिटाचं प्रकरण सांगायला हवं. डायव्हिंग करणारा माणूस एक फुगवता येणारं जाकीट घालतो. त्यात हवा भरली की वर, सोडली की खाली. टाकी त्याच्याच पाठीला अडकवलेली असते. ज्यांची अंगकाठी बरी आहे त्यांना ते छान बसतं. माझ्या बाबतीत पोट आणि जाकीट या दोघांनी एकाच जागेवर हक्क सांगितला, आणि पोट जुनं रहिवासी असल्यामुळे जाकिटाला वर सरकावं लागायचं. हवा भरली की ते थेट कानांपर्यंत यायचं. मग मला ना डावीकडचं दिसायचं ना उजवीकडचं, आणि पाठीमागे टाकी डुलत राहायची. अशा वेळी बायको माझा खांद्याचा पट्टा गच्च धरायची आणि वर येईपर्यंत सोडायची नाही. प्रत्येक बुडीत हेच. बाकीचे वर येऊन सांगायचे, कासव पाहिलं, ऑक्टोपस पाहिला. हिला विचारलं की ही म्हणायची, "मी यांना पाहिलं."

ही शाळेत मुख्याध्यापिका आहे. हिच्या चपलांचा आवाज आला की वर्गच काय, शिक्षकांची खोलीसुद्धा चिडीचूप होते. त्यामुळे पाण्यात नवऱ्याला बकोटीला धरून फिरवणारी बाई म्हणून तिचं सगळीकडे कौतुक व्हायचं. माझं काय व्हायचं ते सांगत नाही.

शेवटी आमच्या डायव्हिंगच्या सरांनी विषय काढलाच. सर वयाने आमच्या मुलीएवढे, पण पाण्यात त्यांच्या शब्दापुढे जाता येत नाही. "काका, असं किती दिवस चालणार? काकूंना काही बघायलाच मिळत नाही. पुढच्या खेपेला आपण त्या बुडालेल्या जहाजाकडे जातोय. तोवर तुमचं हे सुधारलं नाही, तर काकू पुढच्या गटाबरोबर जातील आणि तुम्हाला मी धरून उथळ पाण्यात फिरवून आणीन."

"नको, नको! मी यांच्याबरोबरच राहते," ही घाईघाईने म्हणाली. बघा, केवढा हा त्याग, असं मला वाटलं.

'उथळ पाण्यात' हा शब्द मला लागला, हे खरंच. पण त्याहून जास्त लागलं ते वेगळं जायचं. मला त्या जहाजाशी काही कर्तव्य नव्हतं. गंजलेलं लोखंड बघायला मी खात्याच्या गोदामातही जाऊ शकतो. मला हिच्याबरोबर उतरायचं होतं आणि हिच्याबरोबरच वर यायचं होतं, एवढीच माझी मागणी होती. तीही मागणी बुडायची वेळ आली तेव्हा मी कंबर कसली.

उपाय सरांनीच सांगितला. जाकीट सोडा आणि बॅकप्लेट घ्या. म्हणजे पाठीला स्टीलची एक पाटी, तिच्यातून ओवलेला एकच लांब पट्टा आणि पाटीच्या मागे हवेची पिशवी, जिला ते लोक विंग, म्हणजे पंख म्हणतात. पोटावर काहीच नाही. पाटीचं वजन पाठीवर, हवा पाठीवर, माणूस आपोआप आडवा. मला तत्त्व एकदम पटलं. पोटाला वगळून केलेली ही माझ्या आयुष्यातली पहिलीच योजना होती.

पाटी परदेशातून मागवली आणि ती पार्सलच्या कचेरीत अडकली. तिथल्या अधिकाऱ्यांनी खोकं उघडून टेबलावर ठेवलं होतं.

"हे काय आहे?"

"पाठीला लावायची पाटी."

"पाठीला काय झालंय?"

"काही नाही."

"मग पाटी कशाला?"

मी समजावून सांगितलं. लोखंडाने माणूस खाली जातो, हवेने वर येतो. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे काळजीने पाहिलं. "तुमचं एकदा ठरवून घ्या. बुडायचंय की वर यायचंय?"

त्यांच्याकडे या वस्तूसाठी दोनच प्रकार बसत होते. एक लष्करी सामान आणि दुसरा हाडांच्या उपचाराचं साहित्य. "पहिल्यात घातलं तर तुम्हाला फार लांबवर खेटे घालावे लागतील," ते मायेने म्हणाले, "दुसऱ्यात घालतो. डॉक्टरांची फक्त एक चिठ्ठी आणा." भला माणूस. मी त्यांचे मनापासून आभार मानले आणि डॉक्टरांकडे गेलो.

आमचे डॉक्टर तळमजल्यावरच बसतात. मी त्यांना पाठीसाठी स्टीलची पाटी हवी असल्याचं सांगत होतो तेव्हा बाहेरच्या बाकावर समोरच्या फ्लॅटमधल्या मावशी गुडघा दाखवायला बसल्या होत्या. मावशींचा गुडघा दुखतो, पण कान ठणठणीत आहेत. मी जिना चढून घरी पोचेपर्यंत माझ्या पाठीत स्टीलची पाटी बसवणार ही बातमी गच्चीपर्यंत गेली होती.

पुढचे काही दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. लोक फळं घेऊन आले. ज्यांच्याशी पार्किंगवरून माझं बोलणं बंद होतं, ते गृहस्थ माझी पिशवी हिसकावून घेऊन वरपर्यंत सोडायला आले. कचेरीत माझ्या खुर्चीत उशी आली. आमचे वरिष्ठ, ज्यांनी माझी रजा आजवर कधी सुखासुखी मंजूर केली नव्हती, ते स्वतः माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "हवी तेवढी घ्या हो. पाठ आहे तर सगळं आहे." मी खरं काय ते सांगायला तोंड उघडायचो, की समोरचा म्हणायचा, "बोलू नका, त्रास होईल." आपल्यासाठी इतकी माणसं हळहळतील, हे मला न झालेल्या ऑपरेशनमुळे कळलं. नंतर खरी गोष्ट बाहेर पडल्यावर मावशी जरा घुश्शातच होत्या. "बरं झालं पाठ चांगली आहे ते," त्या म्हणाल्या, पण त्यांच्या स्वरात निराशा होती.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पाटी सुटून आली. आता पट्टा ओवायचा होता. तो एकच लांबलचक पट्टा पाटीच्या खाचांतून खांद्यावरून, काखेखालून, कमरेवर असा घ्यायचा आणि पुढे एका बकलमध्ये अडकवायचा. वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर मदतीला धावले. त्यांनी आयुष्यभर पूल बांधले. "पूल असो नाहीतर माणूस," ते म्हणाले, "भार सारखा वाटला गेला पाहिजे." माप रबरी पोशाखावरून घ्यायचं असतं, म्हणून मी बैठकीच्या खोलीत तो काळा कुळकुळीत, अंगाला चिकटणारा पोशाख चढवून उभा. पंखा गरगरत होता, पण रबराच्या आतलं हवामान वेगळंच होतं. मावशीही आल्या होत्या. त्यांच्या मते एवढी फळं दिल्यावर पाटी बघायचा त्यांना हक्क होता.

खांदे झाले, कंबर झाली. मग इंजिनिअरांच्या हातात खोक्यातला आणखी एक सुटा पट्टा उरला. "हा कुठे जातो?"

मी घसा साफ केला. तो पाठीकडून दोन पायांच्या मधून पुढे येतो आणि कमरेच्या पट्ट्यात अडकतो. थोडक्यात, लंगोटच. मावशींनी तोंड फिरवलं, पण त्या गेल्या नाहीत.

तोही बसला. मी आरशात पाहिलं आणि खरं सांगतो, मला माझा अभिमान वाटला. सगळं कसं चापूनचोपून. एवढ्यात इंजिनिअरांची नजर कमरेच्या पट्ट्याच्या टोकावर गेली. टोकाचे धागे सुटत होते. "हे असं ठेवून चालणार नाही," असं म्हणून त्यांनी लायटर काढला आणि मी नको म्हणायच्या आत टोक जाळून घेतलं. नायलॉन ते. वितळलं, बुडबुडलं आणि थंड होऊन त्याचा हा एवढा टणक गोळा झाला. काम चोख झालं होतं. फक्त मी आत असताना झालं होतं. आता टोक बकलमधून मागे निघेना, बकल सुटल्याशिवाय कंबर सुटेना, कंबर सुटल्याशिवाय लंगोट सुटेना, आणि लंगोट सुटल्याशिवाय मी बसूही शकत नव्हतो.

सल्ले सुरू झाले. साबण लावा, तेल लावा, कापून टाका. कापायला मी साफ नकार दिला, कारण मग पट्टा माझ्या कमरेला पुरला नसता.

"पोट आत घ्या," मावशी म्हणाल्या.

"घेतलंय."

"हे आत घेतलेलं आहे?"

नेमकं तेव्हाच पार्किंगवाले गृहस्थ, ज्यांच्यापर्यंत खरी गोष्ट अजून पोचली नव्हती, प्रकृतीची चौकशी करायला दारात उभे राहिले. स्टीलची पाटी, काळं रबर आणि पायांमधून पट्टा, अशा थाटात मी त्यांना म्हटलं, "या ना, बसा." ते बसले नाहीत.

मग शाळेतून ही आली. तिने दारातूनच एकदा सगळ्यांकडे पाहिलं. खोली रिकामी झाली. इंजिनिअर लायटर खिशात घालत सगळ्यांच्या पुढे. तिने पर्स ठेवली, कपाटातून नखांची कानस आणली, माझ्यासमोर स्टूल ओढून बसली आणि तो गोळा घासायला लागली. किती वेळ घासत होती कोण जाणे. मधूनमधून माझ्या कपाळाचा घाम पुसत होती.

"तू जा त्या लोकांबरोबर," मी म्हटलं, "जहाज बघून ये. माझ्यापायी तुझं सगळं राहतं. मी उथळ पाण्यात बरा आहे."

"गप्प उभे राहा," ती म्हणाली आणि जरा जास्तच जोरात घासायला लागली. गोळा निघाला, बकल सुटलं आणि मी मोकळा झालो. त्या बाईने काय काय सोसलंय, हे तेव्हा मला नव्याने जाणवलं.

सरांनी सांगितलं होतं की समुद्राआधी पोहण्याच्या तलावात एकदा सराव करा. क्लबच्या व्यवस्थापकांनी धातूची वस्तू पाण्यात नेता येणार नाही, असा नियम दाखवला. मी म्हटलं, खाली जाता यावं म्हणून कमरेला बांधतात ते शिसंही नेऊ नको का मग? ते म्हणाले, शिशाबद्दल नियमात काही नाही. शेवटी कचेरीतल्या वरिष्ठांनी फोन केला, कारण क्लबचं पाणी आमच्याच खात्यातून जातं, आणि नियम जरा बाजूला झाला. फक्त एक चूक माझ्याकडून घडली. पाटी आली की शिसं कमी करायचं असतं. मी दोन्ही बांधलं. तलावात पाय टाकला आणि थेट तळाशी जाऊन बसलो, आसनस्थ. तिथून वर यायला म्हणून पंखात भरपूर हवा भरली, तर सगळी हवा पाठीवर, त्यामुळे वर आलो तो पालथा. मी नळीतून निवांत श्वास घेत होतो, पण पालथ्या तरंगणाऱ्या माणसाकडे बघून काठावरच्या बायकांनी किंकाळ्या फोडल्या. जीवरक्षकाने शिटी फुंकत उडी मारली आणि मला काठावर ओढून तो माझ्या छातीवर बसला. माझा जीव वाचलेला होताच, त्याने तो पुन्हा वाचवला. मी त्याचेही आभार मानले. शिसं काढून, हवा बेताने भरून मग मी तासभर सराव केला आणि तो पूर्ण वेळ माझ्यावर डोळा ठेवून होता.

आणि तो दिवस आला. सर म्हणाले, आधी जवळच्या खडकांपाशी एक बुडी मारू, तुमचं नवीन सामान बघू, मग जहाज. आम्ही उतरलो. नेहमीप्रमाणे हिने माझा पट्टा धरलेला. तळाशी पोचलो, मी पंखात थोडीशी हवा भरली, आणि काय सांगू! मी आडवा झालो. कुणीतरी अंगाखाली सतरंजी अंथरावी तसा सपाट. कान मोकळे, दोन्ही बाजू दिसतायत, टाकी पाठीला चिकटून. सरांनी हिला खूण केली, सोडा. तिने सोडलं. मी पाय हलवले आणि चक्क पुढे गेलो. खालून खेकडा तिरका धावत गेला, तो मी पाहिला! निळे मासे अंगावरून गेले, तेही पाहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मास्कच्या आत ते पुसताही येत नाही.

हिला दाखवावं म्हणून वळलो, तर ही शेजारी नव्हती. जिथे सोडलं होतं तिथेच होती. उभी. पाय खाली, डोकं वर. मास्कमागे डोळे विस्फारलेले, बुडबुडे खळ न पडता निघतायत आणि दोन्ही हात पाण्यात काहीतरी चाचपडतायत.

मी गेलो. पाण्याखाली मी कुणाकडे तरी गेलो, असं पहिल्यांदाच घडत होतं. तिची हवा पाहिली, भरपूर होती. नळी नीट होती. तिने दोन्ही हातांनी माझा खांद्याचा पट्टा पकडला आणि हळूहळू बुडबुडे शांत झाले. अंगठा आणि बोट जुळवून मी विचारलं, ठीक? तिने मान हलवली, पण हात सोडला नाही. आम्ही तसेच वर आलो.

होडी यायला वेळ होता. लाटांवर तरंगत ती म्हणाली, "भीती वाटली हो."

"तुला?"

"नेहमीच वाटते. अगदी पहिल्या दिवसापासून. तुम्हाला धरलं की कामाला लागल्यासारखं व्हायचं, भीतीला वेळच मिळायचा नाही. आज सोडलं आणि..." तिने होडी किती लांब आहे ते पाहिलं. मग म्हणाली, "कुणाला सांगू नका."

मी इतके दिवस ज्याला तिचा त्याग समजत होतो, त्यात खरं तर मीच तिला सांभाळत होतो, तेही वाळू उडवत, बसला हात दाखवत, काहीएक न कळता. मला कुणीतरी मोठं बक्षीस दिल्यासारखं वाटलं.

होडीवर सर खूश होते. "काका, कमाल केलीत! एकदम सपाट! काकू, आता तुम्ही सुटलात. जहाजाला तुम्ही पुढच्या गटाबरोबर बिनधास्त जा, काका मागून माझ्याबरोबर येतील." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ही हसली, पण तिने टॉवेल इतका आवळून धरला होता की बोटं पांढरी पडली होती.

"सर," मी म्हणालो, "मला जमणार नाही. भीती वाटते. हिने धरल्याशिवाय मी उतरत नाही."

टाळ्या थांबल्या. "अहो, पण आत्ता तर तुम्ही छान..."

"तो योगायोग होता."

"मग मी धरतो तुम्हाला."

"तुम्ही धरलंत तर मला गुदगुल्या होतात."

सरांनी एक दीर्घ श्वास सोडला. "मग जहाज राहिलं तुमचं, काका. काकूंचंही. एवढ्या खोल असं धरून नाही नेता येत."

"राहू दे," मी म्हटलं. होडीत कुणीतरी हिच्याकडे बघून हळहळलं, काय बाई नशीब एकेकाचं.

बाकीचे जहाजाकडे गेले आणि आम्ही दोघं, एका मदतनिसाच्या नजरेखाली, उथळ पाण्यात. हिने माझा पट्टा धरला होता. पण आता मी काही डुलत नव्हतो, तिला माझ्याकडे बघायचं कामच उरलं नव्हतं. थोड्या वेळाने तिचा दुसरा हात पुढे आला. खडकाच्या भोकातून एक लहानसा मासा तोंड बाहेर काढून आमच्याकडे बघत होता. तो तिने मला दाखवला. मग दुसरा दाखवला. मग शिंपला, मग ज्याला नाव नाही असं काहीतरी. नळीतून हसता येत नाही असं म्हणतात, पण मला तिचं हसू ऐकू आलं.

घरी आलो तेव्हा जिन्यात सगळे वाट बघत होते. मावशी, इंजिनिअर, पार्किंगवाले गृहस्थसुद्धा. "मग? पाटीने फरक पडला का?"

"कसला फरक!" ही खणखणीत आवाजात म्हणाली, "यांना अजून धरावंच लागतं."

इंजिनिअर म्हणाले, भार सारखा वाटला गेला नसणार. मावशी म्हणाल्या, मी तेव्हाच सांगितलं होतं, पोट. पाठीमागून, कुणाला दिसणार नाही अशा बेताने, तिने माझ्या शर्टाचं टोक मुठीत धरलं होतं. मी सगळ्यांसमोर मान खाली घालून उभा राहिलो. इतक्या सुखाने मी आजवर कधी मान खाली घातली नव्हती.